घेण्यास नकार

दीपकचा फोटो आला तेव्हा कोकिळा बोरसे जावक टपालावर शिक्के मारत होती. पावणेबारा वाजले होते. जळगावच्या त्या सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं ती आवक-जावकच्या टेबलावर बसत आली होती, आणि शिक्का मारताना तिचं लक्ष दुसरीकडे असलं तरी शिक्का कधी तिरका पडत नसे. आज पडला. फोटोसोबत एकही शब्द नव्हता. एक खोकं, त्याला सुतळी, वर तिचं नाव आणि पिंप्राळ्याचा पत्ता, दीपकच्या त्या शाळेपासून न सुधारलेल्या अक्षरात. पत्त्यावर चिकटवलेला पांढरा कागद: घेण्यास नकार, पाठवणाऱ्यास परत. सात महिन्यांत सख्ख्या भावाकडून आलेली ही पहिली गोष्ट. आणि तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं, तर हा फोटो खोटा असेल. तिनं नंबर तपासला. नंबरापुढचं चित्र मोठं करून पाहिलं. हार घातलेला आईचा फोटो होता, पुष्पाबाईंचा, डोक्यावरचा पदर नीट केलेला. असले फोटोही ते फसवणारे लोक उचलतात, असं तिला वाटलं, आणि पुढच्याच क्षणी स्वतःची इतकी किळस आली की तिनं फोन पालथा ठेवला. भाऊ भाऊच आहे की नाही हे आता आपण नंबरावरून तपासणार.

हे सगळं त्या मेलपासून सुरू झालं होतं. भाऊबीज होऊन चारच दिवस झाले होते. दरवर्षी दीपक धुळ्याहून सकाळच्या एस.टी.नं यायचा, पिशवीत स्वतःच्या गिरणीतलं ताजं गव्हाचं पीठ आणि वर एक साडी, जी तिला कधीच आवडायची नाही. या वर्षी तो आला नाही. येणार नाही हे तिला माहीत होतं, तरी ओवाळणीचं ताट तिनं मांडलं होतं आणि संध्याकाळी नवऱ्यानं, रतिलालनं, काही न विचारता ते उचलून ओट्यावर ठेवलं होतं. चार दिवसांनी कचेरीतच, जेवणाच्या सुट्टीत, मेल आला. एका मोठ्या कुरियरच्या नावानं, त्यांच्याच चिन्हासकट. तुमचं पार्सल आमच्याकडे थांबून आहे, पत्ता अपूर्ण असल्यामुळे पोचवता आलं नाही, चोवीस तासांत पत्ता पूर्ण करा, पुन्हा पाठवण्याचं नाममात्र शुल्क भरा, नाहीतर पार्सल परत जाईल. पत्ता अपूर्ण हे शब्द वाचून तिला शंका आली नाही, उलट पटलंच. पिंप्राळ्यातल्या त्यांच्या कॉलनीचा पत्ता कधी कुणाला पूर्ण सांगताच आला नव्हता. प्लॉट नंबर एक, गट नंबर दुसरा, महापालिकेनं लावलेल्या पत्र्यावर तिसराच. गॅसवाल्यालासुद्धा पाण्याच्या टाकीपासून डावीकडे असंच सांगावं लागे. आणि पार्सल कुणाचं, हे मेलमध्ये कुठंच नव्हतं. ज्या बाईनं सव्वीस वर्षं प्रेषकाचं नाव नसलेला लिफाफा टेबलावर टेकू दिला नाही, त्या बाईनं ती रिकामी जागा स्वतः भरून टाकली. दीपक आला नाही, पण त्यानं पाठवलं. एवढंच तिच्या डोक्यात होतं. डबा उघडा, पोळीचा तुकडा हातात, आणि डाव्या हातानं तिनं पत्ता भरला, कार्डाचा नंबर भरला, आणि फोनवर आलेले सहा आकडेही भरले. शुल्क इतकं किरकोळ होतं की त्यावर विचार करणं तिला कंजूषपणाचं वाटलं. वीस मिनिटांनी बँकेचे मेसेज यायला लागले, एकामागून एक.

त्या दुपारी तिनं बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं, तेही कचेरीच्या जिन्यात, आवाज खाली करून. आधी इंग्रजीसाठी एक, मराठीसाठी तीन, मग गाणं, मग पुन्हा एक दाबा. बँकेतल्या मुलीनं सांगितलं होतं, मॅडम, लगेच १९३० ला, सायबर पोलिसांच्या नंबरवर, तक्रार करा, पहिला तास महत्त्वाचा असतो. तो तास तिनं जिन्यात उभं राहून घालवला. तक्रार म्हणजे नाव सांगणं. नाव सांगितलं की पोलीस घरी फोन करणार, रतिलाल उचलणार, रतिलाल काही बोलणार नाही, फक्त चष्मा काढून पुसत बसणार. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला, पियुषला, तिनं रविवारी फोनवर विचारलं ते असं: "आमच्या ऑफिसातल्या एकीला असा मेल आला होता रे. तिनं पैसे भरले. ओळखायचं कसं?"

"मम्मी, एवढं सोपं असतं. माणसं वाचतच नाहीत," पियुष म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तो तिच्याशी संगणकाबद्दल बोलताना नेहमी येणारा दमलेला सूर होता. "मेल कुठून आला ते बघायचं. नाव कुरियरचं असतं, पण पुढचा पत्ता भलताच असतो. दुसरं, घाई करतात. आजच करा, नाहीतर गेलं. तिसरं, आतली लिंक दाबायची नाही, काही झालं तरी. आणि चौथं, शंका आली तर ज्याचं पार्सल असेल त्याला आपणच फोन करायचा. आपल्याकडे असलेल्या नंबरवर. संपलं."

"हो," ती म्हणाली. तिनं ते चारही मुद्दे रद्दी पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतले होते.

"त्या काकूंना सांग, शिकलेल्या माणसानं असं फसू नये."

सांगते, असं ती म्हणाली. मग पुढचे दोन महिने ती खरोखरच सगळ्यांना सांगत सुटली. कचेरीत कुणाला असा मेल आला की लोक फोन घेऊन तिच्याच टेबलाशी यायला लागले. बोरसे मॅडमना कळतं. ती चष्मा वर करून पाहायची, पत्त्याचं शेपूट दाखवायची, बघा, हे काय लिहिलंय, हे कुरियर आहे का, असं विचारायची, आणि समोरचा माणूस ओशाळला की तिच्या आत काहीतरी घट्ट व्हायचं. साहेबांनी तर तिला दहा मिनिटं सर्वांसमोर बोलायला सांगितलं. ती बोलली. चांगली बोलली. टाळ्या पडल्या. घरी येऊन तिनं न धुतलेल्या हातांनी भाकऱ्या थापल्या आणि मग ते लक्षात आल्यावर सगळं पीठ टाकून दिलं. राग कुणाचा हे तिला ठरवता येत नव्हतं. ज्यानं फसवलं त्याला तोंड नव्हतं, नाव नव्हतं, धरून हलवायला एक खांदा नव्हता. मग राग पियुषच्या आवाजावर जायचा, बँकेतल्या गाण्यावर जायचा, कॉलनीच्या पत्त्यावर जायचा, आणि फिरून शेवटी धुळ्याला. तो भाऊबीजेला आला असता तर आपण त्या मेलकडे ढुंकून पाहिलं नसतं.

आणि संक्रांत झाल्यावर, मागच्या आठवड्यातल्या मंगळवारी दुपारी, फोन आला. अनोळखी नंबर. मागे मोटारसायकलीचा आवाज. "मॅडम, तुमचं पार्सल आहे. पत्ता अपूर्ण आहे, घर सापडत नाहीये. जरा नीट सांगता का?"

तेच शब्द. मेलमधलेच. "मी काही मागवलेलं नाही," ती म्हणाली.

"मागवलेलं नाही मॅडम, धुळ्याहून आलंय. दीपक..."

तिनं फोन कापला. तो नंबर ब्लॉक करून टाकला. आज, फोन पालथा ठेवून, शिक्का हातात घेऊन बसलेली कोकिळा त्याच एका शब्दाशी अडली होती. दीपक हे नाव तिनं ऐकलं होतं. ऐकलं नाही असं तिला स्वतःला सांगता येत नव्हतं. ऐकलं, आणि त्यावर तिला वाटलं ते हे, की बघा, यांनी भावाचं नावसुद्धा काढलं. आता हे लोक कुठवर पोचलेत. तिला तर त्या क्षणी जरा विजय झाल्यासारखंच वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नंबरावरून फोन आला, तिनं पोलिसांचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी तोच माणूस, आवाज कंटाळलेला. "नको असेल तर तसं सांगा, परत पाठवतो." ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "नको." पाकिटाच्या पाठीवरचे तीन मुद्दे तिनं तंतोतंत पाळले होते. चौथा राहिला होता. ज्याचं पार्सल असेल त्याला आपणच फोन करायचा. दीपकचा नंबर तिला तोंडपाठ होता, आणि जगात फक्त तोच एक नंबर असा होता जो लावणं तिला शक्य नव्हतं.

तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. रतिलालला फोनवर सांगितलं, धुळ्याला जाऊन येते. तो म्हणाला, "बरं." थोडं थांबून म्हणाला, "जेवून घे तिथं." साडेबाराच्या एस.टी.त खिडकीची जागा मिळाली. पाळधी, एरंडोल, रस्त्याच्या कडेला कापसानं भरलेली ट्रॉली उलटून पडलेली आणि दोन बाया धुळीतून कापूस वेचताना. कोकिळा वाक्यं जुळवत होती. त्याचं असं झालं दीपक. अरे, हल्ली काय झालंय. हे बघ, मला कसं कळणार. प्रत्येक वाक्य पारोळ्यापर्यंत पोचेतो खोटं वाटायला लागायचं. खरं सांगायचं तर एकच होतं, आणि ते त्याच माणसाला सांगायचं होतं ज्याची तिनं चारचौघांत अक्कल काढली होती. आषाढात आई गेली. पहाटे छातीत दुखायला लागलं, दीपकनं गल्लीतल्या डॉक्टरकडे नेलं, डॉक्टरनं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, आणि नऊला कोकिळेला फोन आला तेव्हा तो थेट शेवटचाच होता. ती पोचली तोवर अंघोळ घातलेली होती. दहाव्याच्या दिवशी, शिंदखेड्याचे सगळे भाऊबंद बसलेले असताना, ती म्हणाली, "तुला काडीची अक्कल असती तर माय आज असती." दीपक पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होता. त्यानं बादली खाली ठेवली. पुन्हा उचलली आणि पुढच्या माणसाच्या हातावर पाणी घातलं. ती बी.कॉम. झालेली, नोकरीवाली, तो दहावीला दोनदा नापास झालेला, आईजवळ राहिलेला. आईची औषधं, आईचे पाय, आईचं रोजचं तेच तेच बोलणं त्यानं ऐकलं होतं. हे तिला बोलतानाही माहीत होतं. तरी ती बोलली, आणि आज एस.टी.त बसूनही त्या वाक्यातला एखादा शब्द तिला परत घ्यावासा वाटत नव्हता, हे तिला भयंकर वाटत होतं. फक्त ते वाक्य आता तिच्याकडेच तोंड करून उभं होतं.

धुळ्यातल्या देवपुरात दीपकच्या घराखालीच त्याची पिठाची गिरणी होती. ती पोचली तेव्हा वीज गेलेली होती, आणि तो गिरणीचा दगड काढून त्याला छिन्नीसारख्या टाकीनं खाचा पाडत बसला होता. भुवयांवर पीठ. त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली, आणखी तीन-चार घाव घातले. मग टाकी ठेवली.

"बस," तो म्हणाला.

ज्योती, त्याची बायको, पाणी घेऊन आली. कोकिळेनं पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. 

"ते पार्सल तुझं आहे हे मला माहीत नव्हतं, दीपक."

"वर नाव व्हतं. मन्हं नाव, गाव, बठ्ठं लिखेल व्हतं." त्याचा आवाज चढलेला नव्हता. "तो कुरियरवाला आठे इसन सांगी गया. तीन डाव फोन करा म्हने, बाई नको म्हनी."

"काय होतं त्यात?"

 ज्योतीनं दीपककडे पाहिलं आणि ती बोलली. "बिबड्या होत्या अक्का. चैत्रात सासूबाईंनी शेवटच्या घातल्या ना, त्यातल्या. तुमच्या वाटच्या वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या त्यांनी माळ्यावर. आम्हाला माहीतच नव्हतं. संक्रांतीला साफसफाई करताना आमच्या पोरीला सापडल्या, भूमिकेला. हे म्हणाले, अक्काला धाडू."

पापडासारख्या, ज्वारीच्या कोंड्याच्या, तीळ आणि लसूण घातलेल्या, आईच्या बोटांचे ठसे राहिलेल्या. आईला त्या गोल कधीच जमत नसत. कोकिळेनं घरात नजर फिरवली. "कुठं आहेत?"

"वाटी टाक्या," दीपक म्हणाला. "गल्लीमा. परतीनं आलं अन्न घरमा कसं ठेवू? मंगळवारीच वाटी टाक्या."

आज गुरुवार होता. त्यानं त्या गल्लीत वाटून टाकल्या, आणि मग दोन दिवस थांबून रिकाम्या खोक्याचा फोटो पाठवला. तिच्या तोंडाशी आलंच होतं, एक फोन करता आला नाही तुला, जरा डोकं, आणि तिथं ती थांबली. आपण पुन्हा तेच बोलणार होतो. गल्लीतल्या कुठल्या कुठल्या घरांत त्या तळल्या गेल्या असतील, कुणी चहाबरोबर खाल्ल्या असतील, कुणी म्हटलं असेल मीठ जरा पुढं झालंय. ओरडावं असं तिला वाटलं आणि ओरडायला समोर कुणीच नव्हतं. एक दगड होता, पीठ होतं, आणि हा पन्नाशीचा भाऊ होता, जो काहीच चुकलेला नव्हता.

"दीपक, मी फसले," ती म्हणाली.

"काय?"

"दिवाळीनंतर एक मेल आला. पार्सल अडकलंय, पत्ता पूर्ण करा, थोडे पैसे भरा. मी भरले. सगळं दिलं त्यांना मी, कार्डाचा नंबर, सगळं. खातं धुऊन नेलं त्यांनी. म्हणून मागच्या आठवड्यात खऱ्या माणसाचा फोन आला तेव्हा मला तोही चोर वाटला. तुझं नाव घेतलं त्यानं. तरी वाटला."

"तू?" दीपक म्हणाला. "तू फसनी?"

"हो."

"कितला गयात?"

तिनं सांगितलं. हा आकडा ती आजवर मोठ्यानं बोलली नव्हती. ज्योतीचा हात तोंडाकडे गेला. दीपकनं फक्त मान हलवली, एखाद्या गिऱ्हाइकानं धान्याचं वजन सांगितल्यासारखी.

"दाजीसले माहीत शे?"

"नाही. कुणालाच नाही."

आता तो म्हणेल, अशी ती वाट पाहत राहिली. म्हणायला त्याला पूर्ण हक्क होता, अक्कल, एवढा एकच शब्द पुरला असता. त्यानं टाकी उचलली, अंगठ्यानं तिची धार पाहिली. "त्या डॉक्टरनी सांगं, गॅस शे," तो म्हणाला. "सुई दिधी. घर लई जाय म्हने. इतला भरोसाघाई बोलना तो. माले वाटनं, शिकेल मानूस शे, त्याले समजत व्हई."  कोकिळेला माफी मागायची होती. शब्द तोंडात होते, पण ते तिथून पुढे सरकेनात, आणि याचाही तिला राग आला. तिनं नुसता त्याच्या गुडघ्यावरचा दगडाचा चुरा झटकला.

दीपक उठला. पीठ जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला फोन त्यानं फळीवरून काढला. "मंग हाई दख जरा. तुन्हाच पार्सलनं शे का? काल उनं."

तिनं चष्मा वर केला. कुरियरचं नाव वेगळं होतं, बाकी मजकूर तोच. पार्सल थांबून आहे, पत्ता अपूर्ण, आजच्या आज.  "यात कुठं दाबलंस का? काही भरलंस?"

"नही. बठ्ठं इंग्रजी शे. भूमिका कालेजमाईन उनी की तिले इचारसू, म्हनत व्हतू. तुले धाडेल पार्सलनं काही ऱ्हायनं व्हई, आसं वाटनं."

"दाबायचं नाही, दीपक. हा तोच. तोच आहे हा."

दीपकनं फोनकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "म्हंजे इंग्रजी वाचता येत नही म्हनीसन वाचनू मी," तो म्हणाला. ज्योती हसली, आणि लगेच कोकिळेकडे पाहून थांबली. कोकिळेला हसू आलं नाही.

तिनं त्याला शेजारी बसवून दाखवलं. कचेरीत दाखवायची तसं नाही. हळू, बोट ठेवून. हे नाव, हे त्याच्या पुढचं शेपूट, ही घाई. तो मन लावून पाहत होता. "पन अक्का," तो म्हणाला, "मी तं खरंच धाडेल व्हतं पार्सल. त्यासले कसं समजनं?"

"त्यांना काही समजत नाही. ते हजारो लोकांना एकच पाठवतात. ज्यानं पार्सल पाठवलेलं असतं त्याला खरं वाटतं."

"आन ज्याले कोनीच काही धाडेल नही, त्याले?"

"त्यालाही वाटतं," ती म्हणाली. "त्याला जरा जास्तच वाटतं."

 दीपकनं मेल तिच्याच हातानं काढून टाकायला लावला. मग विचारलं, "तू पोलिसमा सांगं का?"

"आता काय उपयोग? पहिल्या तासात करायची असते तक्रार. तीन महिने झाले."

"तरी सांग."

"दीपक, ते घरी फोन करतील. दाजींना कळेल."

"कळू दे. दाजी काय खाई टाकतीन का तुले? आते सांग. आठे बशीसन सांग, मी शे."

तिनं १९३० लावला. गाणं वाजलं, थांबलं, पुन्हा वाजलं. तेवढ्यात वीज आली, कोपऱ्यातला दिवा लागला, आणि डबे घेऊन दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. दीपकनं त्यांना हातानंच थांबायला सांगितलं. दगड अजून बसवायचा होता. त्यानं तो बसवायला घेतला नाही, दारात पाय सोडून बसून राहिला.

पलीकडे एका बाईचा आवाज आला. नाव विचारलं, गाव विचारलं, बँक विचारली, तारीख विचारली.  "मॅडम, एवढ्या उशिरा? तेव्हाच का नाही केला फोन?"

"लाज वाटत होती," कोकिळा म्हणाली.

"आता पैसे मिळतील असं मी सांगू शकत नाही. फार वेळ गेलाय."

"माहीत आहे मला. तरी नोंदवून घ्या."

"बरं. मग काय काय झालं ते पहिल्यापासून सांगा. आणि जरा मोठ्यानं, आवाज नीट येत नाहीये."

दारातल्या दोघी बाया कान देऊन उभ्या होत्या. कोकिळेनं फोन कानाला घट्ट लावला, आणि त्या बायांकडे पाहतच, भाऊबीजेनंतरच्या त्या दुपारपासून, मोठ्यानं सांगायला लागली.